मळ्यातले पहिले बी

गेल्या दिवाळीनंतर आमच्या वाडीतल्या बचत गटाच्या बायकांनी माझा सत्कार केला. शाल, नारळ आणि प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेली झेंडूची फुले. कारण काय, तर मी गेली कित्येक वर्षे मळ्यात भाजी कधी घालायची याचा दिवस सांगतो. या वर्षी गटाला मालवणच्या हॉटेलांना भाजी द्यायची होती, म्हणून शाळेच्या पडवीत सभा ठेवली होती आणि तालुक्याहून एक तरुण कृषी सहायक आला होता. त्याने भिंतीवर एक तक्ता दाखवला. कुठली भाजी कुठल्या आठवड्यात पेरावी, आणि एका रकान्यात हिम पडण्याची शेवटची तारीख. तो तक्ता कुठल्या तरी थंड मुलखासाठी केलेला होता. पोरगा प्रामाणिक. म्हणाला, ‘‘हा रकाना तुमच्यासाठी नाही. तुमच्याकडे हिम कुठे पडतं?’’

मागून एक बाई म्हणाली, ‘‘मगे आमची तारीख कोण सांगतलो?’’

‘‘हे बसलेत मां आबा,’’ गटाची अध्यक्षीण म्हणाली आणि सगळ्या हसल्या. मग ती उभी राहिली, आणि पाहुण्यासमोर बोलायचे म्हणून शुद्ध मराठीत बोलू लागली. ‘‘आमच्याकडे दिवस आबा सांगतात आणि पहिलं बी हातगुणाची बाई घालते. हे दोन्ही पाळावंच लागतं. एका वर्षी चुकीचा हात लागला तेव्हा अख्ख्या मळ्याचं काय झालं, ते जुन्या लोकांना विचारा.’’

जुनी माणसे माना डोलावत होती. तो ‘चुकीचा हात’ ज्या बाईचा म्हणतात, ती माझी थोरली वहिनी, चहाच्या थर्मासशेजारच्या खुर्चीवर बसली होती. तिने पदर सारखा केला आणि जमिनीकडे पाहिले. मी शाल अंगावर घेऊन बसून राहिलो. टाळ्या झाल्या. मी खाली उतरलो, चहा घेतला, बिस्कीटसुद्धा खाल्ले.

घरी आल्यावर मला जो राग आला तो अजून उतरलेला नाही. त्या अध्यक्षिणीचा राग आला, माना डोलावणाऱ्यांचा आला, आणि बिस्कीट खाणाऱ्याचा तर सगळ्यात जास्त आला. म्हणून हे लिहितो आहे. मला गोड बोलायचे नाही. जे झाले ते जसे झाले तसे सांगायचे आहे.

आधी दिवसाचे सांगतो, म्हणजे पुढचे कळेल.

आमच्या वाडीच्या खालून एक ओहोळ जातो. आम्ही त्याला व्हाळ म्हणतो. पावसाळ्यात त्याच्या दोन्ही काठांना भात असते. भात कापून झाले की वाडीतली सगळी घरे मिळून व्हाळावर दगडमातीचा बांध घालतात, पाणी तुंबवतात आणि बांधाखालच्या जमिनीत भाजीचे वाफे करतात. त्यालाच मळा म्हणायचे. चवळी, काकडी, कलिंगड, भेंडी, मुळा, तांबडी भाजी. आता दगडांऐवजी सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून बांध घालतात, एवढाच फरक.

हिम पडत नसले तरी आमच्याकडे थंडी पडते. कोकणाबाहेरच्या माणसाला ती थंडी वाटणार नाही. पण बियाला वाटते. मुळ्याला ती मानवते. चवळी, काकडी, कलिंगड यांचे बी मात्र गार जमिनीत पडले की उगवत नाही. फुगते, तसेच राहते आणि कुजते. बरे, लवकर घालावे तर परतीचा पाऊस बांधही नेतो आणि बीही नेतो. तेव्हा पाऊस संपल्यावर आणि जमीन गार होण्याआधी जे थोडे दिवस मिळतात तेवढेच आपले. माझी आई दोन खुणा सांगायची. व्हाळाचे पाणी निवळले की पाऊस संपला. आणि पहाटे अनवाणी पायाला माती गार लागली की उशीर झाला. या दोहोंमध्ये बांध बांधून बी घालून मोकळे व्हायचे. यात विद्या नाही. वाडीतल्या पोरांनाही हे ठाऊक होते.

पहिले बी घालायचा मान मात्र एकाच बाईला असे. बांधाला लागून असलेल्या वरच्या वाफ्यात तिने चवळीचे बी घालायचे, मग बाकीच्यांनी आपापल्या वाफ्यात. हा मान माझ्या आईकडे होता. आई थकली तेव्हा तिने तो थोरल्या सुनेला दिला. माझा मोठा भाऊ मुंबईला नोकरीला. वहिनी गावात, नवीन लग्न झालेली, कट्टा गावाच्या बाजूची. बोलायला तिखट. आईने मान दिला तेव्हा ती म्हणाली होती, ‘‘बी उगावला तर माझो हात, नाय उगावला तर आयच्या बियाचो दोष.’’ आई खूप हसली होती. वहिनीने तीन-चार वर्षे बी घातले. मळा जसा यायचा तसा आला. कुणी तिच्या हाताचे कौतुक केले नाही, कारण मळा आला तर तो आपल्या कष्टाने आला असे प्रत्येकाला वाटते.

मग ते वर्ष.

त्या वर्षी मी माझ्या खालच्या तुकड्यात नवीन जातीचे भात लावले होते. उत्पन्न जास्त, पण पिकायला उशीर. तो तुकडा व्हाळाच्या अगदी कडेला, बांधाच्या वरच्या अंगाला. बांध घातला की तुंबलेले पाणी पहिल्यांदा माझ्या त्या तुकड्यात शिरणार, हे मला लावतानाच कळायला हवे होते. कळले ते सगळ्यांचे भात कापून झाल्यावर. सगळ्यांची शेते मोकळी आणि माझे भात हिरवे उभे.

बांधाचा दिवस ठरवायचे काम तेव्हा नुकतेच माझ्याकडे आले होते. आईच्या दोन खुणा मला येतात म्हणून. व्हाळाचे पाणी निवळले. तळातले दगड दिसायला लागले. लोक विचारू लागले, ‘‘बांध कधी रे?’’

मी म्हणालो, ‘‘अजून पाऊस आसा. घाय करू नको.’’

पाऊस नव्हता. आकाश धुतल्यासारखे होते. मी एकदा समुद्राकडच्या ढगाकडे बोट दाखवले, तो ढग संध्याकाळी विरून गेला. दुसऱ्यांदा म्हणालो, मुंग्या अजून अंडी उचलतायत. मुंग्या बारा महिने काही ना काही उचलत असतात. लोकांनी ऐकले, कारण मी त्या आईचा मुलगा. माझे भात पिवळे पडायला लागले, मग पिकले, मग मी ते घाईघाईने कापून नेले, आणि दुसऱ्याच दिवशी सांगितले, ‘‘आता बांध घालूया.’’

तोवर व्हाळ बारीक झाला होता. बांध घातला तरी पाणी वर चढायला वेळ लागला. वाफे भिजले तेव्हा पहाटे धुके उतरू लागले होते. ज्या दिवशी वहिनीने पहिले बी घातले त्या दिवशी मी तिच्याबरोबर मळ्यात उतरलो होतो. पायाला माती गार लागली. मला ते स्पष्ट कळले. वहिनीलाही कळले असणार, कारण तिने पाय वर घेतला आणि म्हणाली, ‘‘भावजी, भूय गार लागता.’’

मी म्हणालो, ‘‘सकाळची म्हणान तशी. घाला.’’

तिने घातले. मग सगळ्यांनी घातले.

चवळी आली नाही. काकडी आली नाही. कलिंगडाचे बी लोकांनी उकरून पाहिले, बोटाला चिकटत होते. काही वाफ्यांत दोन-चार कोंब आले, तेही पिवळे, त्यांच्यावर मावा पडला. मुळा मात्र आला. वहिनीने त्याच दिवशी, त्याच हाताने मुळाही घातला होता आणि तो मांडीएवढा झाला. मुळ्याची गोष्ट कुणी काढत नाही. चाळीस वर्षांत एकानेही मला विचारले नाही की आबा, हात वाईट होता तर मुळा कसा आला?

वाडीतली माणसे देवळाच्या पारावर बसली होती. मळा गेला म्हणून सगळे त्रासलेले. कुणीतरी विचारले, ‘‘असा झाला तरी कित्या?’’ सगळे माझ्याकडे पाहू लागले. दिवस मी सांगितला होता. माझ्या भाताचा पेंढा सगळ्यांना दिसेल असा माझ्या खळ्यात रचलेला होता. कोण कधी जोड लावील याचा नेम नव्हता. तेव्हा मी एक वाक्य बोललो. ‘‘आयच्या हातान असा कधी झाला नाय.’’

एवढेच. वहिनीचे नाव घेतले नाही. घ्यावे लागलेच नाही. आमच्याकडे कुणाची वाट लावायची असेल तर अशीच लावतात, अर्धे वाक्य बोलून. उरलेले अर्धे लोक आपापल्या घरी जाऊन पुरे करतात. संध्याकाळपर्यंत ते सगळ्या वाडीत पुरे झाले होते.

पुढच्या वर्षी पहिले बी दुसऱ्या घरच्या बाईने घातले. त्या वर्षी दिवस मी वेळेवर सांगितला. मळा भरून आला. आणि तोच पुरावा झाला. हात बदलला, मळा आला. दिवसही बदलला होता, पण दिवसाकडे कोण बघतो?

त्यानंतर वहिनी मळ्यात उतरली नाही. बायका तिच्याकडचे बियाणे घेईनाशा झाल्या. ती बी फार नीट राखायची, राखेत घोळून, कडक उन्हात वाळवून. तरी नको. कुणाच्या अंगणात माड लावायचा असला की ती आपणहून चार पावले मागे सरायची. तिच्या स्वतःच्या परड्यात, म्हणजे घरामागच्या भाजीच्या जागेत, चवळी वर्षानुवर्षे झकास यायची. त्यावर लोकांचे उत्तर तयार. पण ते उत्तर काय होते हे सांगायचे तर मला माझ्याबद्दलच सांगावे लागते.

तिच्या परड्यातले बी मी घालायचो.

दर वर्षी माझा दिवस ठरला की ती आमच्या दोन परड्यांमधल्या वंयपाशी, म्हणजे कुंपणापाशी, येऊन हाक मारायची, ‘‘भावजी, आळी करून ठेवलंय. बी घालून जावा.’’ मी जायचो. तिने माती भुसभुशीत केलेली असे, शेण घातलेले असे, आळ्यात बोटाने खळगेसुद्धा करून ठेवलेले असत. मी फक्त बी टाकायचे आणि निघायचे. पहिल्या शेंगांची भाजी ती माझ्याकडे पाठवायची, ओले खोबरे घालून. वाडीत म्हणत, दिराच्या हाताने येते ती चवळी. मी ती भाजी खायचो. ती मला का बोलावते हे मी कधी विचारले नाही. विचारले असते तर तिने सांगितले असते, आणि मग मला काहीतरी बोलावे लागले असते.

आई गेली. भाऊ निवृत्त होऊन गावी आला आणि थोड्याच वर्षांत तोही गेला. माझी बायको गेली. मी या सगळ्यांपैकी कुणालाही सांगितले नाही. बायकोला तरी सांगायला हवे होते. ती एकदा म्हणाली होती, ‘‘वैनीचा सगळा बरा, फक्त हाताचा तेवढा.’’ मी भाकरी मोडत होतो. मोडत राहिलो.

आता यंदाचे.

वहिनीचा मुलगा आणि सून मुंबईहून गावी येऊन राहिले आहेत. सून हुशार आणि कामाला वाघ. तिने बचत गटात नाव घातले आणि मळ्यात वाफे मागितले. सत्काराच्या सभेनंतर वाफे वाटून दिले. बांधाजवळचे वरचे वाफे, जिथे पाणी आधी पोचते, तिथे तिला जागा दिली नाही. तिला दिले सगळ्यात खालचे टोक. का, म्हणून तिने विचारले. अध्यक्षीण म्हणाली, ‘‘तुझा काय नाय गो. पण त्या घरचो हात वरती नको.’’

सून ते मला सांगायला आली, रडत नव्हती, चिडली होती. ‘‘काका, हा कसला हात? मला कुणी धड सांगत नाही. आईंना विचारलं तर त्या म्हणतात, जाऊ दे, खरं आहे ते.’’

‘‘खरं आहे ते?’’ मी विचारले. ‘‘असं म्हणाली?’’

‘‘हो. म्हणाल्या, माझ्या हातानं मळा गेला होता.’’

इतकी वर्षे मी असे धरून चाललो होतो की वहिनीला आतून ठाऊक असेल. तिच्यासारखी तिखट बाई असल्या गोष्टीवर कशाला विश्वास ठेवील. लोकांच्या तोंडाला लागायचे नाही म्हणून ती मागे सरते, असे मी मला सांगत आलो. हे मला सोयीचे होते. सुनेच्या त्या वाक्याने ती सोय गेली.

बांधाच्या दिवशी सगळी वाडी व्हाळात जमली. पोती भरणे चालू होते. मी काठावर उभा राहिलो आणि म्हणालो, माझे एक ऐका. आणि सांगितले. माझे उशिराचे भात, खोटा पाऊस, गार भूय, पारावरचे वाक्य. सगळे सांगितले, मालवणीत, काही न गाळता. वहिनी नव्हती. ती बांधाला येतच नाही.

पोती भरणे थांबले. मग माझ्याच वयाचा एक जण, जो त्या पारावर होता, तो पोत्याचे तोंड बांधता बांधता म्हणाला, ‘‘भात तुझा हुता ता खरा. पण थंडी काय तुया आणलंस?’’

लोक हसले.

‘‘थंडी मी आणूक नाय,’’ मी म्हणालो. ‘‘दिवस मी घालवलंय.’’

‘‘बरा. पण बी कोणाच्या हातान पडला?’’

‘‘वैनीच्या.’’

‘‘मगे झाला तर.’’

अध्यक्षीण गोड आवाजात म्हणाली, ‘‘आबा, तुमची वैनी आसा, तिका बरा वाटाचा म्हणान तुमी सांगतास. आमका कळता.’’ दुसरी एक जण हळूच म्हणाली, ‘‘वय झाला आता तेंचा.’’ आणि पोती भरणे पुन्हा सुरू झाले. मी ओरडलो. मी म्हणालो, तुम्ही बैलाच्या जातीचे आहात. त्यावर ते आणखी हसले, आणि कुणीतरी मला बसायला पोते आणून दिले.

माझे खोटे अर्धे वाक्य यांनी एका संध्याकाळीत पचवले. खरे सांगायला मला तास लागला, तेव्हा यांनी मला बसायला पोते दिले. खरे मानले असते तर एवढी वर्षे आपण एका बाईला उगाच मागे सारले हे यांना मानावे लागले असते. त्यापेक्षा म्हाताऱ्याचे डोके फिरले हे मानणे स्वस्त. सून मात्र फावडे टाकून तडक घरी गेली होती.

दुसऱ्या दिवशी मी वहिनीकडे गेलो. मागल्या दारी बसून ती चवळीचे बी निवडत होती. किडके वेगळे, बरे वेगळे. मी बसायला लागलो तर म्हणाली, ‘‘उभेच ऱ्हवा जरा.’’ मी उभा राहिलो.

‘‘सूनबाय सांगी होती. भात तुमचा होता?’’

‘‘माझा.’’

‘‘आणि भूय गार आसा ह्या तुमका कळलेला?’’

‘‘कळलेला.’’

ती बी निवडत राहिली. मी ‘वैनी’ म्हणून काही बोलायला लागलो तर तिने हात वर केला.

‘‘माझ्या झिलाक पयलो घास मी भरवूक नाय,’’ ती म्हणाली. ‘‘आठावता तुमका? तुमच्या बायलेक बोलावलंय. लोक म्हणाले, आवस आसान दुसरी कित्या? मी म्हटलंय, माका ताप आसा. माका ताप नव्हतो.’’

मला आठवत होते. मुलाच्या उष्टावणाला माझ्या बायकोने पहिला घास भरवला तेव्हा मी पंगतीत वाढत होतो.

‘‘मी देवाक विचारी, माझो हात असो कित्या केलंस? देवाक विचारलंय, भावजी. आणि ज्याका म्हायत होता तो वंयच्या पलीकडे ऱ्हवत होतो. मी आळी करून तेकाच बोलावी. बी घालून जावा म्हणान.’’

तिचा आवाज चढला नव्हता. मी म्हणालो की मी काल सगळ्यांसमोर सांगितले आहे. ती म्हणाली, ‘‘सगळ्यांका आधी सांगलास. माका नंतर.’’ तिच्यासमोर उभे राहण्यापेक्षा पन्नास माणसांसमोर उभे राहणे सोपे होते, म्हणून मी तसे केले.

‘‘सुने, काकांका चाय दी,’’ तिने आत सांगितले. ‘‘चाय घेवा आणि जावा.’’

मी चहा घेतला आणि गेलो.

मळ्यात यंदाचे बी वेळेवर पडले, दुसऱ्या कुणाच्या हाताने. दिवस त्यांनी मला विचारला नाही, मीही सांगितला नाही. त्यांच्यातल्या कुणालाही तो सांगता येतो. परड्यात मात्र वहिनीने काही घातले नाही. आळी मोकळी. मला हाक आली नाही. मी कुंपणावरून पाहायचो आणि मनात म्हणायचो, वेळ जाते आहे. मग धुके पडू लागले. काजूच्या पानांवरून सकाळभर पाणी टपकत होते. अंगणात उतरलो की पाय आखडायचे.

अशाच एका सकाळी ती परड्यात उतरली. ओटीत चवळीचे बी. सून शाल घेऊन मागे, ‘‘आई, थंडी आहे, आई, आता नको,’’ म्हणत. वहिनी वाकू शकत नाही, म्हणून पाट घेऊन बसली. आणि आपल्या हाताने एकेक बी घालू लागली. बी टाकायचे, माती ओढायची, वरून हाताने दाबायची. यातले काहीही ती विसरली नव्हती.

मी कुंपणापाशी होतो. चवळी घालायला याहून वाईट दिवस शोधून सापडला नसता. आयुष्यभर मी हीच एक गोष्ट लोकांना सांगत आलो. आताही तोंडाशी आले की वैनी, संक्रांत जाऊ द्या, भूय तापू द्या.

तिने मान वर केली नाही. म्हणाली, ‘‘दिवस सांगू नकात, भावजी. तुमचो दिवस मी एकदा बगलंय.’’

त्या दिवशी मी गप्प राहिलो ते योग्य होते की पुन्हा तेच करत होतो, मला ठरवता येत नाही.

बी आले नाही. येणार नव्हतेच. मधल्या दोन आळ्यांत कोंब दिसला, तोही वाकडा. आणि बातमी व्हाळापर्यंत पोचली. मळ्यात चवळीला फुले धरली होती, आणि तिथे बायका एकमेकींना सांगत होत्या की म्हातारीने यंदा स्वतःच्या हाताने घातले, बघा काय झाले. अध्यक्षिणीने मला रस्त्यात अडवून सांगितले. ‘‘आबा, आता तरी पटला मां?’’ तिच्या तोंडावर दया होती. माझ्या हातात काठी होती. मी ती वापरली नाही एवढेच.

मी तसाच वहिनीकडे गेलो. मनात एकच धास्ती. ज्या बाईने चाळीस वर्षे आपला हात वाईट असे मानले, तिने आता हे पाहिले असणार. माझे खरे सांगणे दोन महिनेही टिकले नसेल.

ती परड्यात पाटावर बसून आळी उकरत होती. बोटाने माती बाजूला करायची, बी काढायचे, उन्हात धरून बघायचे. मला पाहून तिने एक बी तळहातावर घेऊन पुढे केले. फुगलेले, मऊ, साल सुटलेली.

‘‘ह्या बगा,’’ ती म्हणाली. ‘‘कुजला. बी बरा होता, मीच निवडलेला. हात हात करतत. थंडीन कुजला ह्या.’’

‘‘थंडीनच,’’ मी म्हणालो.

‘‘तुमका विचारूक नाय. मी सांगतंय.’’

तिने ते बी झटकून टाकले आणि हात पदराला पुसला. मग सुनेला हाक मारून राहिलेले बी आणायला सांगितले. ऊन आता तापू लागले होते. आंब्याचा मोहर काळा पडायला लागला होता आणि पायाखालची माती ऊबदार होती. तिने तळवा मातीवर टेकवून ठेवला आणि थोडा वेळ तसाच राहू दिला.

‘‘आता घालतलंय,’’ ती म्हणाली. ‘‘मी आणि सून. तुमी जावा.’’

मी निघालो. कुंपणाच्या अलीकडून ऐकू येत होते, ती सुनेला सांगत होती की खळगा किती खोल करायचा, बी कसे आडवे ठेवायचे. सून विचारत होती, वरच्या ओळीत कोणी घालायचे. वहिनी म्हणाली, ‘‘वरती मी.’’